३० म्हणजे किती? कोनाची एककं आणि त्यांची अदलाबदल

कॅल्क्युलेटरवर साइन ३० काढा. उत्तर ०.५ यायला हवं, हे दहावीचं गणित केलेल्या बहुतेकांना पाठ असतं. पण ऐन परीक्षेच्या घाईत कुणाच्या पडद्यावर −०.९८८ उमटतं, तर कुणाच्या ०.४५४. यंत्र बिघडलेलं नसतं. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, विचारलेले प्रश्न मात्र तीन वेगळे आहेत. पडद्याच्या वरच्या कडेला डी, आर किंवा जी असं एक बारीकसं अक्षर असतं. डी म्हणजे अंश, आर म्हणजे रेडियन आणि जी म्हणजे ग्रेडियन. तुम्ही नुसतं ३० दाबलंत. ३० काय, ते यंत्राने त्या अक्षरावरून ठरवलं.

३० अंश म्हणजे काटकोनाचा तिसरा हिस्सा. ३० ग्रेडियन म्हणजे २७ अंश. आणि ३० रेडियन म्हणजे पावणेपाच फेऱ्यांहून किंचित जास्त; शेवटची अर्धवट फेरी २७९ अंशांच्या आसपास थांबते, म्हणून साइन ऋण येतो.

लांबी मोजताना सुरुवात कुठून करायची याला निसर्गात काही आधार नाही. मीटर असो की हात, कुणीतरी ठरवावंच लागतं. कोनाचं तसं नाही. गोल फिरून पुन्हा पहिल्या जागी आलात की एक फेरी पूर्ण झाली, आणि ती फेरी सगळ्या जगात सारखीच असते. भांडण आहे ते या फेरीचे किती तुकडे करायचे एवढ्यापुरतंच. अंशवाले ३६० करतात, ग्रेडियनवाले ४००, नाटो देशांचे तोफखाने ६४०० मिल, खगोलशास्त्रज्ञ २४ तास, आपलं पंचांग ६० घटी. रेडियनमध्ये एका फेरीला दोन पाय (२π), म्हणजे साधारण ६.२८३२ लागतात. हा आकडा विचित्र का, ते पुढे येईलच.

एवढं कळलं की रूपांतराचं एकच सूत्र पुरतं. हातातल्या आकड्याला त्याच्या एककाच्या पूर्ण फेरीने भागा, म्हणजे फेरीचा कितवा भाग ते कळेल. मग हव्या त्या एककाच्या पूर्ण फेरीने गुणा. १३५ अंश घ्या. ३६० ने भागले की ३/८ फेरी. तीच ३/८ फेरी ग्रेडियनमध्ये १५०, मिलमध्ये २४००, तासांत ९, घटींत साडेबावीस आणि रेडियनमध्ये पाऊण पाय, म्हणजे २.३५६.

पुस्तकात 'अंशांचे रेडियन करताना पाय भागिले १८० ने गुणा' असं छापलेलं असतं. ते हेच सूत्र आहे; दोन पाय आणि ३६० मधला दोन छाटून टाकलेला. नुसतं पाठ केलं की पाय वर होता की १८०, हे नेमकं पेपरात विसरायला होतं. त्यापेक्षा एवढं बघा: रेडियन हे भलं मोठं एकक आहे, एकेक सत्तावन्न अंशांहून जास्त. त्यामुळे अंशांवरून रेडियनकडे जाताना आकडा लहानच व्हायला हवा. मोठा झाला तर उलटं गुणलंय.

अंशाच्या आतले तुकडे

एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. भूगोलाच्या पुस्तकात यांनाच मिनिट आणि सेकंद म्हणतात. साठाची ही पद्धत बाबिलोनच्या लोकांची. साठाला २, ३, ४, ५, ६, १०, १२ अशा कितीतरी आकड्यांनी नि:शेष भाग जातो, म्हणून हिशोब हाताने करायच्या जमान्यात ती सोयीची पडली आणि चिकटून राहिली.

आज तिचा त्रास होतो तो मोबाइलच्या नकाशावर. कळसूबाईच्या शिखराचे अक्षांश-रेखांश साधारण १९°३६′०४″ उत्तर आणि ७३°४२′३३″ पूर्व असे दिले जातात. ट्रेकच्या ग्रुपवर ते कुणीतरी पाठवतं आणि दुसरं कुणीतरी नकाशावर १९.३६०४, ७३.४२३३ असं टाकतं. चिन्हं गाळली, टिंब घातलं, काम झालं! पण टिंबानंतरचे आकडे शंभराच्या हिशोबातले असतात आणि कला साठाच्या. नकाशा तुम्हाला शिखरापासून ४० किलोमीटर लांब, ठाणे जिल्ह्यात शहापूर आणि मुरबाडच्या मधे कुठेतरी नेऊन सोडतो.

खरं रूपांतर असं: कलांना ६० ने भागा, विकलांना ३६०० ने भागा आणि दोन्ही अंशांत मिळवा. ३६ भागिले ६० म्हणजे ०.६, आणि ४ भागिले ३६०० म्हणजे ०.००११. अक्षांश झाला १९.६०११. रेखांशासाठी ४२ भागिले ६० म्हणजे ०.७ आणि ३३ भागिले ३६०० म्हणजे ०.००९२, एकूण ७३.७०९२.

उलट जायचं तर टिंबापुढचा भाग ६० ने गुणत जायचं. पुण्याचा अक्षांश १८.५२०४ असा दाखवतात. ०.५२०४ गुणिले ६० म्हणजे ३१.२२४, तर ३१ कला. उरलेले ०.२२४ पुन्हा ६० ने गुणले की १३.४४, तर १३ विकला. झाले १८°३१′१३″. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर अंश-कला-विकलांच्या चिन्हांचं एक बटण असतं, ते हेच करतं.

टिंबापुढे किती आकडे लिहायचे, हेही जाता जाता. अक्षांशाची एक विकला जमिनीवर साधारण ३१ मीटर भरते. दशांश पद्धतीत चौथा आकडा ११ मीटरचा, पाचवा एक मीटरचा, सहावा ११ सेंटिमीटरचा. शिवाराची बांधबंदिस्ती दाखवायला पाच आकडे लिहिले तर समजू शकतं. एखाद्या हॉटेलचा पत्ता म्हणून नऊ आकडे पाठवणाऱ्याला नमस्कार.

पंचांगातलं कोनमापन

घरातलं पंचांग हे खरं तर कोनांचं कोष्टक आहे. भविष्याचा भाग बाजूला ठेवा, हिशोब चोख आहे. आकाशातल्या ३६० अंशांचे बारा भाग केले की ३० अंशांची एक रास. सत्तावीस भाग केले की १३°२०′ चं एक नक्षत्र. कलांमध्ये मांडलं की हे फार सुटसुटीत होतं: पूर्ण फेरी २१,६०० कला, रास १८०० कला, नक्षत्र ८०० कला, नक्षत्राचं एक चरण २०० कला. एका राशीत नऊ चरणं बसतात ती यामुळेच.

समजा चंद्र निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या, १०१ अंशांवर आहे. ३० ने भागा: तीन राशी पूर्ण, वर ११ अंश, म्हणजे चौथी रास, कर्क. आता १०१ अंशांच्या कला करा: ६०६०. ८०० ने भागल्यावर सात नक्षत्रं संपली आणि ४६० कला उरल्या, म्हणजे आठवं नक्षत्र पुष्य. ४६० ला २०० ने भागा: दोन चरणं संपून तिसरं चालू. जुन्या पद्धतीच्या पंचांगात हीच जागा ३-११-०-० अशी लिहितात. त्यातला पहिला आकडा संपलेल्या राशींचा असतो, चालू राशीचा नाही. ३ बघून मिथुन म्हणणारे इथेच फसतात.

तिथी हेही मुळात कोनाचंच माप आहे. चंद्र सूर्याच्या पुढे जितके अंश गेला, त्यांना १२ ने भागायचं. अंतर १०० अंश असेल तर आठ तिथ्या पूर्ण आणि नववी चालू, म्हणजे शुद्ध नवमी. २०० अंश असेल तर सोळा पूर्ण, सतरावी चालू, म्हणजे वद्य द्वितीया. चंद्राचा वेग कमीजास्त होत असल्यामुळे हे बारा अंश कापायला कधी १९ तास लागतात तर कधी २६. म्हणून एखादी तिथी दोन सूर्योदय गाठते आणि एखादी एकही गाठत नाही. 'यंदा दोन एकादश्या कशा?' या प्रश्नाचं उत्तर ठरलेल्या कोनात आणि न ठरलेल्या वेगात आहे.

वेळेचं आणि कोनाचं नातं पृथ्वीच्या फिरण्यातून येतं. २४ तासांत ३६० अंश, म्हणजे तासाला १५ अंश, आणि एक अंश फिरायला ४ मिनिटं. घटी २४ मिनिटांची, म्हणून एक घटी म्हणजे ६ अंश. भारतीय प्रमाणवेळ ८२°३०′ रेखांशाची आहे. साडेब्याऐंशीला १५ ने भागा, साडेपाच तास येतात. ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास ते हेच.

मुंबईसाठी हाच हिशोब करून बघा. रेखांश ७२°५०′. ७२ भागिले १५ म्हणजे ४ तास ४८ मिनिटं. उरलेल्या ५० कला, कलेला ४ सेकंद, म्हणजे २०० सेकंद, सव्वातीन मिनिटांहून थोडं जास्त. एकूण ४ तास ५१ मिनिटं. ही जुनी 'बॉम्बे टाइम'. प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबईने आपलं घड्याळ ३९ मिनिटं मागेच ठेवायचा हट्ट १९५५ पर्यंत सोडला नाही. कोनाच्या दृष्टीने मुंबईकरांचंच बरोबर होतं.

इथे एक खड्डा आहे. खगोलशास्त्राच्या तक्त्यात ताऱ्याची जागा तास-मिनिट-सेकंदांत देतात, आणि त्यातलं मिनिट कोनाच्या मिनिटाएवढं नसतं. ते १५ पट मोठं असतं. मोबाइलवरून दुर्बीण रोखताना हा फरक सुटला तर तारा नजरेच्या टप्प्यात येतच नाही.

रेडियन, आणि आर्यभटाचे ३४३८

बाकी सगळ्या एककांत पूर्ण फेरीचा आकडा माणसाने ठरवलाय. रेडियनमध्ये तो वर्तुळाने ठरवला. जमिनीवर खुंटी ठोका, दोरी बांधून वर्तुळ काढा. आता तेवढीच दोरी वर्तुळाच्या कडेवर वाकवून ठेवा. दोरीच्या दोन टोकांपासून खुंटीपर्यंत रेघा ओढल्या की मधे जो कोन होतो तो एक रेडियन: ५७.२९५८ अंश, किंवा ५७°१७′४५″. दोरी लांब घेतली की वर्तुळही मोठं होतं, पण कोन तोच राहतो. अख्खी कड झाकायला अशा ६.२८३२ दोऱ्या लागतात, कारण परीघ दोन पाय गुणिले त्रिज्या असतो. तो विचित्र आकडा तिथून आला.

याचा फायदा काय? दहावीत कंसाची लांबी काढताना कोनाला ३६० ने भागून मग दोन पाय त्रिज्येने गुणावं लागतं. कोन रेडियनमध्ये असला तर त्रिज्या गुणिले कोन, संपलं. मधला ३६० आपणच घातला होता, तो काढून टाकला.

'रेडियन' हे नाव छापील स्वरूपात १८७३ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या प्रश्नपत्रिकेत आलं. पेपर काढणारे जेम्स थॉमसन हे लॉर्ड केल्विनचे थोरले भाऊ. पण कल्पना त्याहून किती जुनी आहे हे बघायचं तर आर्यभटाकडे जावं लागतं. आर्यभटीय हा इसवी सन ४९९ च्या सुमाराचा ग्रंथ. त्यातल्या 'ज्या'च्या (ज्या म्हणजे साइन गुणिले त्रिज्या) कोष्टकात वर्तुळाची त्रिज्या ३४३८ धरलेली आहे. १०० नाही, १००० नाही, नेमकी ३४३८. हा आकडा कुठून आला? वर्तुळाचा परीघ २१,६०० कला. २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२, हे आर्यभटानेच दिलंय. त्या प्रमाणाने २१,६०० परिघाच्या वर्तुळाची त्रिज्या काढली की ३४३७.७४ येते, म्हणजे ३४३८. कंस ज्या कलांमध्ये मोजायचा त्याच कलांमध्ये त्रिज्याही मोजली. आजच्या भाषेत सांगायचं तर एका रेडियनमध्ये ३४३८ कला असतात.

कोष्टकात याची फळं लगेच दिसतात. ते २२५ कलांच्या, म्हणजे पावणेचार अंशांच्या पायऱ्यांनी जातं, आणि श्लोकात प्रत्येक पायरीला ज्या कितीने वाढली ते अक्षरांत बांधलंय: मखि, भखि, फखि, धखि. म वर्गाक्षरांत पंचविसावा आणि खि म्हणजे दोनशे, म्हणून मखि म्हणजे २२५. पुढचे २२४, २२२, २१९. पहिल्याच ओळीत २२५ कलांच्या कंसाची ज्या २२५. कोन लहान असला की कंस आणि ज्या यांत फरक उरत नाही, ही गोष्ट कोष्टक न बोलता सांगून जातं. त्रिज्या १००० घेतली असती तर ती दिसली नसती. पहिल्या आठ वाढींची बेरीज करा: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९. येतात १७१९, आणि आठ पायऱ्या म्हणजे ३० अंश. १७१९ ला ३४३८ ने भागलंत की कॅल्क्युलेटरवरचा ०.५ मिळतो.

हे ३४३८ लक्षात ठेवण्यासारखे आहेत. लांबची वस्तू किती कलांची दिसते आणि तिचा खरा आकार किती, हे ठाऊक असलं की आकार गुणिले ३४३८ भागिले कला, एवढ्यावर अंतर निघतं. चंद्र आकाशात साधारण ३१ कलांचा दिसतो आणि त्याचा व्यास ३४७४ किलोमीटर आहे. हिशोब केला की ३ लाख ८५ हजार किलोमीटर येतात. चंद्राचं सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार ४०० आहे. विकलांत मोजणारे ३४३८ ऐवजी २,०६,२६५ घेतात.

यंत्रशाळेतही रेडियनशिवाय चालत नाही. पंपाच्या मोटरच्या पाटीवर एक एचपी, म्हणजे ७४६ वॅट, आणि मिनिटाला १४४० फेरे असं लिहिलेलं असतं. शाफ्टवरचा पीळ, म्हणजे टॉर्क काढायचा तर वॅटला फेऱ्यांनी नाही, सेकंदाच्या रेडियननी भागायचं. १४४० भागिले ६० म्हणजे सेकंदाला २४ फेऱ्या, गुणिले ६.२८३२ म्हणजे १५०.८ रेडियन. ७४६ भागिले १५०.८, साधारण ४.९५ न्यूटन-मीटर. नुसत्या २४ ने भागलं तर ३१ येतात, आणि त्या भरवशावर कपलिंग, म्हणजे दोन शाफ्ट जोडणारा भाग, निवडलं तर सहापट दणकट, सहापट नाही तरी बरंच महाग येईल.

एक्सेल आणि पायथन यांना कोन फक्त रेडियनमध्येच समजतो. साइनच्या कंसात थेट ३० लिहिलं तर ते मुकाट्याने −०.९८८ देतात, तक्रार करत नाहीत. दोन्हीकडे 'रेडियन्स' नावाचं फंक्शन आहे. ३० आधी त्यात घालायचे, मग साइन.

ग्रेडियन आणि मिल

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर सगळं दहाच्या पटीत आणायची लाट आली, त्यात काटकोनाचे १०० भाग झाले. तेव्हा मीटरची व्याख्याच विषुववृत्त ते ध्रुव या अंतराचा एक कोटीवा भाग अशी होती. म्हणजे हे पाव वर्तुळ १०,००० किलोमीटर आणि १०० ग्रेडियन. एक ग्रेडियन जमिनीवर १०० किलोमीटर. दिसायला देखणी व्यवस्था. पण तेच ४०,००० किलोमीटर २१,६०० कलांनी भागले की एका कलेला १.८५२ किलोमीटर पडतात, आणि हा झाला सागरी मैल. दर्यावर्दी मंडळींनी कला सोडली नाही. जहाजं आणि विमानं अजूनही तिच्यावरच चालतात. ग्रेडियन युरोपातल्या काही देशांच्या भूमापनात टिकला.

आपल्याकडे त्याची गाठ पडते ती टोटल स्टेशनच्या, म्हणजे जमीन मोजायच्या यंत्राच्या, सेटिंगमध्ये. यंत्र ग्रेडियनवर राहिलं आणि काटकोन म्हणून ९० फिरवलं, तर प्रत्यक्षात ८१ अंशच फिरतात. शंभर मीटरवरची खुंटी जवळपास १५.७ मीटर सरकते.

मिल हा रेडियनचा हजारावा भाग असायला हवा होता, म्हणजे फेरीला ६२८३. तो आकडा भागाकाराला गैरसोयीचा, म्हणून नाटोने ६४०० केला आणि सोव्हिएत सैन्याने ६०००. ६४०० च्या हिशोबात एक मिल म्हणजे एक किलोमीटरवर ९८ सेंटिमीटर. रणांगणात एवढी जवळीक पुरते.

चढ हे एकक नव्हे

घाटातल्या पाटीवर किंवा रेल्वेच्या कागदावर चढ लिहिलेला असतो, आणि पुष्कळांना तो कोनच वाटतो. कर्जत ते खंडाळा या बोरघाटातला रेल्वेचा चढ ३७ ला १ असा आहे: ३७ मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. टक्केवारीत २.७. हा कोन नाही, कोनाचा टॅन आहे. अंश काढायचे तर टॅन-इन्व्हर्स, म्हणजे टॅनवरून उलट कोन काढणारं बटण हवं, उत्तर १.५४८ अंश.

गंमत अशी की इतक्या लहान चढाला टॅन-इन्व्हर्स लावला नाही तरी चालतं. १ भागिले ३७ म्हणजे ०.०२७०३, तोच रेडियन समजा आणि ५७.३ ने गुणा: १.५४९. आर्यभटाच्या पहिल्या ओळीत होतं तेच इथे घडतंय. मात्र चढ वाढला की ही सूट संपते. २० टक्क्यांचा चढ या युक्तीने ११.४६ अंश येतो, खरा ११.३१ आहे. १०० टक्के चढाला युक्ती ५७ अंश सांगते, खरे ४५ च असतात. आणि १०० टक्के चढ म्हणजे उभी भिंत नव्हे. भिंतीचा चढ टक्क्यांत लिहिताच येत नाही, कारण ९० अंशांना टॅनच नाही. म्हणून बाकीच्या एककांसारखं पूर्ण फेरीने भागून-गुणून इथे जमणार नाही. पत्र्याचा उतार असो की गच्चीवर जाणारा रॅम्प, टक्क्यांवरून अंश काढायचे असतील तर कॅल्क्युलेटर घ्या, टॅन-इन्व्हर्स दाबा, आणि त्याआधी पडद्यावरचं अक्षर डी आहे का ते बघा.